दोन बाया आणि दोन विद्यापीठे



आज दोन बायांची गोष्ट सांगतो. दोघीही कविता करीत. दोघींच्या नावाने आज महाराष्ट्रात दोन मोठी विद्यापीठे आहेत.

विद्यापीठ म्हणजे काय? गावात शाळा असते. तालुक्याला कॉलेज असते. अशा पुष्कळ कॉलेजांवर मिळून एक विद्यापीठ असते. ते परीक्षा घेते, पदवी देते. आपल्या घाटंजीची मुले पदवी घेतात ती अमरावतीच्या विद्यापीठाची. त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे.

आता पहिली बाई. बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोदे गावी 1880 साली तिचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. लहानपणीच लग्न झाले. पुढे तरुण वयातच नवरा वारला. शेत, घर, लेकरे, सारे तिने सांभाळले. तिला वाचता येत नव्हते, लिहिता येत नव्हते. पण दळताना, शेतात राबताना तिला गाणे सुचे. ते ती आपल्या बोलीत म्हणे. तिचा मुलगा सोपानदेव शिकला, कवी झाला. त्याने आणि एका भावाने तिची गाणी कागदावर उतरवून घेतली. 1951 साली बहिणाबाई वारली. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे वाचून थक्क झाले. 1952 साली त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. त्याला अत्र्यांनीच प्रस्तावना लिहिली. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव दिले. जिला अक्षर येत नव्हते, तिचे नाव आज तिथल्या पदवीच्या कागदावर छापलेले असते!

इथे कोणी म्हणेल, “गुरुजी, बहिणाबाईला कुठे वाचता येत होते? मग आम्हालाच या वयात पाटीपुस्तक कशाला?”

प्रश्न बरोबर आहे. उत्तरही ऐका. बहिणाबाईची जी गाणी लिहून घेतली, तेवढीच उरली. जी कोणी लिहिली नाहीत, ती तिच्याबरोबर गेली. घरात लिहिणारे कोणी नसते, तर सारीच गेली असती.

दुसरी बाई सावित्रीबाई फुले. जन्म 1831, गाव नायगाव, जिल्हा सातारा. लग्न झाले तेव्हा तिलाही अक्षर येत नव्हते. जोतीरावांनी, म्हणजे नवऱ्याने, तिला घरीच शिकवले. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. तिथे ती शिकवू लागली. वाटेत लोक शेण-चिखल फेकीत, असे सांगतात. ती थांबली नाही. 1854 साली तिचे ‘काव्यफुले’ हे कवितांचे पुस्तक निघाले. तेव्हा तिचे वय तेवीस. तिला कोणाची वाट पाहावी लागली नाही. आपले शब्द तिने आपल्याच हाताने लिहिले. 1897 साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता ती वारली. 2014 साली पुण्याच्या विद्यापीठाला तिचे नाव दिले.

गुण दोघींतही होता. फरक एवढाच, की एकीचे शब्द दुसऱ्याच्या हाती होते, दुसरीचे स्वतःच्या हाती.

आता आपल्या घरात पाहा. तुमच्या आईला, सासूला जात्यावरच्या ओव्या येतात ना? जाते गेले, आता चक्की आली. ओव्या म्हणायला वेळ उरला नाही. ती म्हातारी गेली की ओव्याही जातील. म्हणून या आठवड्यात तिच्याजवळ बसा. एक ओवी विचारा आणि वहीत लिहा. ऱ्हस्वदीर्घ चुकले तर चुकू द्या. आपण पुढच्या वर्गात नीट करू.

आणखी एक. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरीला शाळेतून काढू नका, बाप्पा. चार पैसे आज मिळतील, पण बुडालेली शाळा परत मिळत नाही. तिचे शब्द तिच्याच हाती राहू द्या.