काजूचं टरफल आणि आपले हात



आज सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातूनच करू. फळीवर तेलाची बरणी ठेवतो ती जागा आठवा. बरणीच्या बुडाला, झाकणाच्या कडेला पिवळसर चिकट थर बसतो. पाण्याने जात नाही, सुरीने खरवडावा लागतो. ओतताना तेल तर पातळ होतं, मग हा थर आला कुठून? हवेतल्या ऑक्सिजनने तेलाचे कण एकमेकांना जोडले जातात. गणपतीत फुगडीला बायका हातात हात घालून फेर धरतात ना, तसंच. एकेकटा कण वाहतो, पण फेर धरला की जागचा हलत नाही. पातळ तेलाचा असा घट्ट थर होतो, त्यालाच कारखान्यात राळ किंवा रेझिन म्हणतात.

सगळी तेलं असा फेर धरत नाहीत. खोबरेल धरत नाही, जवसाचं तेल पटकन धरतं. म्हणून जुने सुतार लाकडाला जवसाचं तेल पाजायचे, आणि क्रिकेटच्या बॅटलाही तेच लावतात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात याच तेलापासून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम तयार केलं. एरंडेलापासून फ्रान्समध्ये नायलॉनची एक जात तयार झाली, ती आजही बनते. पुढे खनिज तेल स्वस्त मिळू लागलं आणि रंग, प्लास्टिक, गोंद, सगळंच त्यातून बनू लागलं. जमिनीतलं ते तेल एकदा काढलं की पुन्हा भरत नाही. म्हणून आता कारखानदारांची नजर पुन्हा झाडाच्या तेलाकडे वळली आहे.

मैत्रिणींनो, यातलं एक तेल आपल्या सिंधुदुर्गातल्या बायकांच्या हातांवर रोज सांडतं. काजूच्या टरफलाचं तेल. आपण त्याला चीक म्हणतो आणि त्याच्या नावाने बोटं मोडतो.

आमचा गट १२ जणींचा. बी वाफवायची, कटरवर फोडायची, वाळवायची, साल काढायची, प्रतवारी करून पिशव्या भरायच्या, हे आमचं काम. १०० किलो बी फोडली की काजूगर मिळतात साधारण २५ किलो. टरफल उरतं ६५ ते ७० किलो. या टरफलाचं करायचं काय, हा आमच्यापुढे नेहमीचा प्रश्न. चुलीत घातलं तर धूर असा, की डोळ्यांची आग होते आणि भांडी काळी होतात. एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचा आणि सगळं भरून न्यायचा. पैसे द्यायचा नाही. "तुमची जागा मोकळी करून देतो," म्हणायचा, आणि आम्ही वर त्याला चहा पाजायचो.

गेल्या हंगामात आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "अगो, कचरा न्यायला कोण एवढा डिझेल जाळीत?" तेव्हा आम्ही चौकशी केली. समजलं ते असं.

टरफल घाण्यात दाबलं की १०० किलो बियांमागे १२ ते १५ किलो तेल निघतं. ते तापवून, शुद्ध करून त्यातून कार्डानॉल नावाचा पदार्थ काढतात. आता हे समजायला आपल्या कुकरचं हँडल बघा. काळं, कडक, कितीही तापलं तरी न वितळणारं. ते बेकलाइट. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलं. त्यात दोन गोष्टी लागतात, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड. फिनॉल आज खनिज तेलातून येतं. कार्डानॉल हा फिनॉलचाच झाडावरचा भाऊ. फरक इतकाच की त्याला लांब तेलकट शेपटी असते. त्या शेपटीमुळे त्याची राळ पाण्याला दाद देत नाही आणि ठिसूळही होत नाही. म्हणून ती गाड्यांच्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये जाते, जहाजांच्या रंगात जाते, वार्निशमध्ये जाते. आपल्याकडे होडीच्या लाकडाला हे तेल लावायची रीत जुनीच आहे.

आणखी एक चांगली गोष्ट. या तेलासाठी वेगळं रान लावावं लागत नाही, कुणाच्या ताटातलं खाण्याचं तेलही कमी होत नाही. काजूगर खाऊन झाल्यावर जे उरतं, त्यातूनच ते येतं. तेल काढल्यावर राहिलेला चोथाही भट्टीत जळणाला चालतो.

पण खरं तेही सांगायला हवं. झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी असं नाही. ही राळ एकदा कडक झाली की शेणखतासारखी मातीत कुजत नाही. बऱ्याच ठिकाणी ती बनवताना फॉर्मल्डिहाइड लागतंच, आणि ते विषारी आहे. आणि कच्च्या तेलाचं तर आपण जाणतोच. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो तसाच काजूचा चीक उततो. कातडी काळी पडते, सोलते, बोटांच्या रेषा झिजून जातात.

आमच्या गटातल्या एका मावशींची ही गोष्ट. २० वर्षं त्यांनी बी फोडली. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की उमटत नाही. एकदा पुसून, एकदा धुऊन, चारदा प्रयत्न. मागची रांग कुरकुरते. दोनदा त्या रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. "माझे हात माझे नाहीत असं मशीन सांगतं," असं त्या म्हणाल्या, तेव्हा आमच्यातली एकही बोलली नाही. ज्या तेलाला बाहेर लोक पर्यावरणाचं मित्र म्हणतात, त्याने आमच्या मावशींचा अंगठा पुसला होता, आणि ते तेल आम्ही फुकट देत होतो.

त्याच महिन्याच्या बैठकीत आम्ही तीन ठराव लिहिले.

पहिला, टरफल फुकट द्यायचं नाही. वाळवून, पोत्यात भरून, आपल्या काट्यावर वजन करून, वहीत लिहून विकायचं. भाव वरखाली होतो, म्हणून निदान दोन ठिकाणी विचारायचं. त्या व्यापाऱ्याने आधी हसून घेतलं, मग टेम्पो वळवून गेला. आठवड्याने परत आला तेव्हा वजनकाट्यापाशी उभा राहिला.

दुसरा, टरफलाच्या पैशातून आधी हातमोजे, बाकी सगळं नंतर. पातळ साध्या रबराचे मोजे तेलाने फुगतात आणि फाटतात. नायट्राइलचे मोजे घ्या, ते तेलाला टिकतात. सुरुवातीला बोटं जड वाटतात, काम मंदावतं. आमचंही मंदावलं. पंधरा दिवसांत हात सरावले. चीक लागलाच तर चोळत बसू नका, लगेच साबणाने धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

तिसरा, हे तेल घरी काढायच्या भानगडीत पडायचं नाही. कढईत तापवलं की फेस येऊन उतू जातं, पेट घेऊ शकतं, धूर बाधतो. ते काम घाण्याचं आणि कारखान्याचं. टरफलाची पोतीही चुलीपासून लांब ठेवा.

मावशी आता फोडायला बसत नाहीत. त्या प्रतवारी करतात आणि टरफलाची वही सांभाळतात. त्यांचा अंगठा अजून नीट उमटत नाही. पण वहीत त्या पेनाने सही करतात, सावकाश, पूर्ण नाव.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात काजू नसेल, जवस असेल, एरंड असेल, करंज असेल. तुमच्या दारातून कचरा म्हणून काय जातं, ते कोण नेतं आणि कशाला नेतं, एवढा एक प्रश्न येत्या बैठकीत विचारा. आणि ते काम करणाऱ्या बाईचे हात बघा.