गार चहाची गोडी

निवलेला चहा मोरीत ओतायचा, अशा घरात मी वाढलो. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिण भागात जेवणाबरोबर गोड, गार चहा पेल्यामागून पेला पितात हे ऐकून मला त्या लोकांची कीवच आली होती! तिकडच्या १८७९ सालच्या एका पाकपुस्तकात त्याची कृती आहे, पण हिरव्या चहाची. १९०४ साली सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात आपल्याकडचा काळा चहा बर्फ घालून पाजण्यात आला, आणि त्याची लोकप्रियता वाढली.

मी प्रथम तो केला तेव्हा साखर गार चहात घातली. ती तळाशी बसली. शिवाय कढत चहा तसाच शीतकपाटात ठेवल्याने तो इतका गढुळला की पाहुण्यांनी विचारले, “दूध घातलंत का?”

तेव्हा श्रोतेहो, साखर कढत चहातच विरघळवावी. अर्धा लिटर उकळत्या पाण्यात पाच चमचे पत्ती घालून पाच मिनिटे झाकावी. गाळताना ती दाबू नये, तुरटपणा उतरतो. मग अर्धी वाटी साखर, वर अर्धा लिटर गार पाणी. चहा आपोआप निवू द्यावा. बर्फ अगदी शेवटी. तो वितळणारच, म्हणून अर्क कडक हवा. पत्ती निलगिरीची असल्यास उत्तम, ती सहसा गढुळत नाही. तिकडे कोणी चिमूटभर सोडाही घालतात. मला तो रुचत नाही. लिंबू पिळताच रंग फिकटतो, त्याने मात्र बिचकू नये.