यकृताचा कर्करोग आणि ‘जनुक’ या शब्दाची भीती
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. जन्मभर शिक्षकाचा पेशा केला. म्हणून वाचलेले सोपे करून सांगावे, एवढाच माझा अधिकार.

यकृत हे शरीराचे शुद्धिगृह होय. रक्तातील विषारी द्रव्ये वेचून पित्तावाटे बाहेर टाकणे हे त्याचे एक मुख्य कार्य. त्यासाठी यकृतपेशींच्या आवरणात प्रथिनांचे सूक्ष्म पंप बसविलेले असतात, आणि हे पंप कसे घडवावेत याची आज्ञा जनुकांत लिहिलेली असते. १९७६ साली कॅनडातील टोरांटो येथे ज्युलियानो व लिंग या शास्त्रज्ञांना, औषधांस दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन विपुल आढळले. तेच पी-ग्लायकोप्रोटीन. आत शिरलेले औषध ते उपसून बाहेर टाकते. त्याच्या जनुकास एबीसीबी-१ असे नाव आहे.

यकृताच्या पेशी कर्करोगाने बिघडल्या, तरी उपसण्याची ही विद्या त्या विसरत नाहीत. उलट पुष्कळदा ती वाढवितात. डॉक्सोरुबिसिनसारखे जालीम औषधही मग निष्प्रभ ठरते. शरीराच्या रक्षणासाठी घातलेल्या कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार! २००७ मध्ये सोराफेनिब हे निराळ्या तऱ्हेचे औषध आले. पण त्याने आयुष्य सरासरीने काही महिनेच वाढले. २०२० पासून शरीराची प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधांची जोड मिळाली आहे, ही आशेची गोष्ट खरी.

आता मुख्य मुद्दा. ‘जनुक’ म्हणताच आपल्या मनात ‘घराण्याचा दोष’ येतो. कोणाकडे वडील यकृताच्या कर्करोगाने गेले, की त्या घरची सोयरीक नको, अशी कुजबुज सुरू होते. हा अन्याय आहे. वर सांगितलेले जनुक तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या शरीरात आहे. गाठीत त्याचा जो अतिरेक होतो, तो त्या गाठीपुरताच. तो मुलाबाळांकडे जात नाही. या रोगाची मुळे बहुतांशी अन्यत्र आहेत: कावीळ ‘ब’ व ‘क’ यांचे विषाणू, मद्यपान, यकृतात साठणारी चरबी, आणि बुरशी आलेल्या शेंगदाण्यांतील व मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष.

यांपैकी ‘ब’ विषाणू बाळंतपणात आईकडून बालकास लागू शकतो; परंतु तो संसर्ग आहे, वारसा नव्हे, आणि त्यावर लस आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांस ती टोचण्यास प्रारंभ केला. पुढे तेथील मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्या देशातही २०११ पासून सर्वत्र सरकारी लसीकरणात तिचा समावेश आहे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा मिळावी.

तेव्हा माझी विनंती एवढीच: गर्भवती सुनेची व लेकीची ही रक्ततपासणी करा, बालकास वेळेवर लस द्या, बुरशीचे दाणे निवडून फेकून द्या, आणि ज्या घरावर हा घाला पडला असेल, त्या घराशी नाते जोडताना मागे सरू नका. पत्रिकेतील गुण पाहणाऱ्यांनी एवढा एक गुण स्वतःच्या अंगी बाणवावा.