मधले बरे दिवस



जळगाव-धुळ्याहून केमोथेरपीसाठी मुंबई गाठणारी माणसं आपल्यातलीच.
दोन केमोंच्या मध्ये शरीराला सावरायला वेळ देतात.
त्यात काही बरे दिवस येतात.
ते दिवस जगायचे!

ओट्यावर बसा.
शेजाऱ्यांशी गप्पा मारा.
तोंड आलं नसेल, तर भाकरीशी कमी तिखटाचं भरीत खा.
घरच्यांनो, सारखा आजाराचाच विषय नको.

आजारातही जगणं चालू ठेवता येतं.
पुण्याच्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं.
कर्करोगाशी झुंजतानाही त्या तिथं काम करत राहिल्या.

रडू आलं, तर रडा.
सतत हसरंच राहावं, असं मुळीच नाही.
पण बरा दिवस आला, की तो जगायचा.

ताप आला, तर मात्र थांबू नका.
लगेच डॉक्टरांना कळवा.