रक्त किती वाजता घेतलं?



पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत बक्षीस समारंभाला नाच-गाण्यांनंतर औषधशास्त्र म्हणजे श्रीखंडावर काढा. घोटभरच देतो.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध 1974 पासून कर्करोगावर वापरात आहे. त्याने असंख्य जीव वाचवले. पण एकूण मात्रा वाढत गेली की ते हृदयाच्या स्नायूलाही इजा करतं. म्हणून नवं औषध माणसाआधी प्राण्यांवर तपासतात. इथे दिल्लीत एम्समध्ये उंदरांना हृदयाला इजा करणारं आयसोप्रोटेरेनॉल देऊन हृदयाची इजा आणि तिच्यावरचे उपाय अभ्यासले गेले आहेत.

इजा झाली हे ओळखायचं कसं? उंदीर मारून हृदयाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, ही जुनी रीत. इजा झालेल्या स्नायूतून रक्तात उतरणारं सीके हे एन्झाइमही मोजत. पण उंदराच्या मांडीत सुई टोचली तरी ते वाढतं! मग आलं ट्रोपोनिन. छातीत दुखतं म्हणून आजोबांना इमर्जन्सीत नेल्यावर जी तपासणी करतात, तीच. हृदयाच्या पेशी फुटल्या की हे प्रथिन रक्तात उतरतं, माणसाच्या आणि उंदराच्याही. 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने प्राण्यांवरील चाचण्यांसाठी त्याला मान्यता दिली.

खरी गोम वेळेची आहे. एकदाच इजा झाली असेल, तर उंदराच्या रक्तातलं ट्रोपोनिन काही तासांत चढतं आणि एक-दोन दिवसांत उतरूही शकतं. शुक्रवारी औषध दिलं, शनिवार-रविवार सुट्टी घेतली आणि सोमवारी रक्त काढलं, तर रिपोर्ट स्वच्छ आणि हृदयावर व्रण! असा स्वच्छ रिपोर्ट मला वाईट रिपोर्टपेक्षा धोकादायक वाटतो. शिवाय पेशी न फुटता नुसते ठोके बिघडले, तर ट्रोपोनिन गप्प बसतं; तिथे ईसीजीच हवा.

शेपटीतून थेंबभर रक्त घेता येतं, त्यामुळे तोच उंदीर पुन्हा तपासता येतो आणि कमी प्राण्यांत भागतं. किती प्राणी, कशासाठी, हे नैतिकता समितीला आधी पटवावं लागतं; 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा त्यामागे आधार आहे. काहींना ही कटकट वाटते. मला ती हवीशी वाटते.

मुलांनो, तुमच्यापैकी जे विज्ञान शाखेला जातील, त्यांना एकच विनंती. ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद हातात आला, की रक्त किती वाजता घेतलं हे आधी विचारा.