रक्तात असेल, पण ललाटी नाही

(कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



व्यसनाचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोनच निवाडे ऐकू येतात. एक, ‘त्याच्या रक्तातच आहे, आजोबा तसे, बाप तसा.’ दुसरा, ‘मनाचा दुबळा आहे, मनात आणले तर आज सोडेल.’ पहिला निवाडा आशाच खुंटवतो, दुसरा रुग्णाला अपराधी ठरवून मोकळा होतो. मी वैद्य नव्हे, पत्रकार आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांतील संशोधन या दोन्ही निवाड्यांना छेद देते, एवढे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम रक्ताचा प्रश्न. डोनाल्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधील दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्यांपैकी एक मद्यासक्त, परंतु तान्हेपणीच परक्या घरी वाढावयास गेलेले, असे ५५ मुलगे त्यांनी निवडले. जन्मदात्या घराचा वारा न लागलेल्या या ५५ पैकी १० जण पुढे मद्यासक्त झाले होते. ज्यांच्या जन्मदात्यांना हे व्यसन नव्हते, अशा दत्तक मुलांत हे प्रमाण सुमारे ५ टक्केच होते. म्हणजे आनुवंशिकता खरी आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनीही मद्यासक्तीच्या धोक्यात तिचा वाटा सुमारे निम्मा असल्याचे दाखवले आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू पाहा : ५५ पैकी ४५ जण मद्यासक्त झाले नाहीत!

जनुक आणि समाज यांचे नाते जपानने फार स्पष्ट दाखवले. मद्य पोटात गेले की शरीर प्रथम त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर करते आणि मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते विष निरुपद्रवी करते. असंख्य जपानी लोकांत हे विकर घडवणारे जनुक दुर्बळ असते. घोटभर मद्याने चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. निसर्गाने दिलेले हे कवचच! या जनुकाची एक दुर्बळ प्रत असणाऱ्यांचे जपानी मद्यासक्त रुग्णांतील प्रमाण १९७९ साली अवघे २.५ टक्के होते. १९८६ साली ते ८ टक्के आणि १९९२ साली १३ टक्के झाले. तेरा वर्षांत एखाद्या राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. बदलतात त्या चालीरीती. मद्यपान शिष्टाचारात गणले जाऊ लागले की जन्मजात कवचही अपुरे पडते.

आता याच्या उलट उदाहरण. व्हिएतनाममधून १९७१ साली परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषीने केला. साधारण पाचांतील एक सैनिक तेथे हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. हे सारे मायदेशी व्यसनीच राहणार, अशी धास्ती होती. प्रत्यक्षात परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतील सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. रक्त तेच होते. मात्र रणभूमी सुटली होती, सहज मिळणारी पुडी सुटली होती. घर, काम, आप्त पुन्हा मिळाले होते.

‘मनाचा दुबळा’ हा निवाडाही असाच अपुरा. वारंवारच्या सेवनाने मेंदूतील सुखाची, सवयीची आणि संयमाची यंत्रणाच बदलते, हे आता सिद्ध आहे. पदार्थाशिवायही असे घडते. म्हणूनच अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली जुगाराचा विकार व्यसनांच्या प्रकरणात घातला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत व्हिडिओ गेमच्या अनिवार आसक्तीलाही विकार म्हणून स्थान मिळाले. आपल्या मुलांच्या हातातील मोबाइलकडे या दृष्टीने पाहावयास हवे.

मग आपण काय करावे? घराण्यात व्यसन असेल तर मधुमेहाप्रमाणेच ते मुलांना वेळीच, न लाजता सांगावे : ‘तुला इतरांपेक्षा धोका अधिक आहे, म्हणून पहिला पेलाच नको.’ लपवलेला इतिहास मुलाचे रक्षण करीत नाही. दुसरे, माळ घालून कित्येकांची दारू सुटली आहे; त्या श्रद्धेचे आणि भोवतालच्या संगतीचे बळ मोठेच. परंतु वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित प्राणही जातात. म्हणून संकल्पाच्या जोडीला डॉक्टर हवाच. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दर ३८ मद्यासक्तांपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेले ३७ कुठे आहेत? ते आपल्याच आळीत, आपल्याच नात्यात आहेत. त्यांच्या घरी ‘रक्तातच आहे’ म्हणून जाणे टाळण्याऐवजी एकदा जा, आणि त्याला सोबत घेऊन दवाखान्याची पायरी चढा. पुन्हा घसरला, तर पुन्हा न्या.