निरोप आणि व्यवहार



आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक वृत्तांतात आहे. दूरस्थाशी व्यवहार कसा करावा, हा प्रश्न या मातीला नवा नाही. आज मात्र दोन्ही टोकांना संगणक बसलेले असतात. त्यांनी परस्परांशी कोणत्या रीतीने बोलावे, एवढाच आजचा विषय.

रॉय फील्डिंग या अमेरिकन संशोधकाने २००० साली आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ नावाची रचना मांडली. तिचे मर्म असे : प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असावा, क्रिया मोजक्या व सर्वत्र सारख्या असाव्यात, आणि प्रत्येक निरोप स्वयंपूर्ण असावा, मागचे संभाषण समोरच्याला ध्यानात ठेवावे लागू नये. सोयाबीनचा भाव विचारण्यास ही रीत उत्तमच. तोच प्रश्न दहादा विचारला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

पण पैशाचे काय? समजा, फी भरण्याच्या अखेरच्या दिवशी कळंबच्या एका शेतकऱ्याने पुण्यात शिकणाऱ्या मुलीला यूपीआयने पाच हजार रुपये पाठवले. खात्यातून रक्कम वजा झाली; मुलीकडे जमा नाही. निरोप पोचला नाही, की काम होऊन पोच हरवली, की काम अद्याप चालू आहे? तारेवरच्या मौनाचे हे तिन्ही अर्थ संभवतात. पुन्हा पाठवावे तर दुप्पट जाण्याचे भय, न पाठवावे तर मुदत टळते.

यावर कोणी म्हणतील, मधल्या एका मुखत्याराने दोन्ही वह्या अडवून धराव्यात व दोघांचा होकार आल्यावरच नोंद पक्की करावी. पण मुखत्यारच नाहीसा झाला तर? वह्या अडकून पडतात. शेकडो बँकांच्या जाळ्यात हे परवडणारे नाही. म्हणून १९८७ साली गार्सिया-मोलिना व सालेम यांनी दुसरी वाट दाखविली : व्यवहाराचे लहान टप्पे पाडावे आणि प्रत्येक टप्प्याची भरपाई करणारी उलट क्रिया आधीच ठरवून ठेवावी.

२०१६ साली सुरू झालेली यूपीआय याच वळणाने जाते. काटेकोर अर्थाने ती रेस्ट नव्हे. तेथे निरोपाची पोच तात्काळ मिळते, निर्णय मागाहून वेगळ्या निरोपाने येतो. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो, आणि संशय आल्यास त्या क्रमांकाने चौकशी करता येते.

मग रेस्ट टाकाऊ काय? आमचे मत तसे नाही. ‘पैसे वळते कर’ असा नुसता हुकूम न सोडता त्या व्यवहारालाच एक पत्ता द्यावा. त्याची स्थिती – स्वीकारला, पूर्ण झाला, परत केला – कोणीही संबंधिताने तेथे पाहावी. आणि एकाच क्रमांकाचा निरोप दुसऱ्यांदा आला तर पहिलेच उत्तर द्यावे. एवढे केले की रेस्ट गुंतागुंतीचा व्यवहारही पेलू शकते.

मात्र संशयकाळातील तोटा कोणी सोसावा, हे कोणतीही रचना ठरवीत नाही. ते माणसांनीच ठरवावे लागते. खात्यातून गेलेली पण पलीकडे जमा न झालेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ साली यूपीआयसाठी केला. निरोपाची रीत यंत्रांची, जबाबदारी माणसांची. हा भेद जेथे विसरला जातो, तेथे त्या बापलेकीचेच नुकसान होते, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.